पुढची ओळ माही नाही

आई, सेल आणले.

दाराशेजारी टांगलेल्या पाटीवर तुमच्या अक्षरात ‘सेल आण’ एवढंच लिहिलेलं आहे. तुम्ही ते लिहिलंत, मी ऑफिसातून आल्यावर वाचलं, ‘उद्या आणते’ म्हणाले, आणि तो उद्या उजाडला तो भलताच. तुम्ही गेलात त्याला अजून महिना झालेला नाही. माणसं येऊन गेली, चहाचे कप विसळून विसळून माझे हात पांढरे पडले. मग तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी वाण्याकडे मेणबत्त्या आणि अगरबत्ती घ्यायला गेले, आणि तोंडून आपोआप निघालं, ‘आणि छोटे पेन्सिल सेल द्या.’ घरी येऊन तुमच्या त्या निळ्या डबड्याचं झाकण उघडलं, सेल घातला, आणि ते मेलं लगेच सुरू झालं.

‘डबडं नको म्हनू, प्लेअर म्हन.’ हो, ऐकलं मी.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलं बोलायची पद्धत आहे. मी ती मनापासून पाळणार आहे, कारण चांगलं बोलण्यासारखं खूप आहे. फक्त प्लेअरच्या निवडीबाबत मी माघार घेणार नाही. तो वाद आपल्यात कधीच मिटला नाही आणि तुम्ही नाही म्हणून मी तो एकतर्फी सोडून दिला तर तुम्हालाच आवडणार नाही.

तुम्ही नागपूरहून आमच्याकडे विश्रांतवाडीला आलात ते बाबा गेल्यानंतरच्या वर्षी. पोस्टातली नोकरी संपलेली, घर मोठं आणि रिकामं. तुमचा मिलिंद तुम्हाला आणायला स्टेशनवर गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर कॅसेटींनी गच्च भरलेली पिशवी होती, आणि तुम्ही टेपरेकॉर्डर तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरलेला होता. पर्समध्ये परतीचं तिकीट. ‘दिवाळी करते अन् जाते. मले तुमच्या पुन्यात करमत नाही. इथी मानसं दार उघडाच्या आधी काय काम हाय ते विचारतात,’ असं तुम्ही चपला काढता काढता जाहीर केलंत. मी कसबा पेठेत वाढलेली. मला वाटलं, त्यात काय चूक आहे? काम असल्याशिवाय कोण कशाला दार वाजवेल?

दुसऱ्या दिवसापासून घरात गाणं सुरू झालं. तुमच्या मोहल्ल्यातली गायन पार्टी, जयंतीला आणि लग्नाकार्यांत गाणारी, आणि तिचे कुणीतरी त्या त्या वेळी टेप करून ठेवलेले कार्यक्रम. हार्मोनियम, ढोलक, मध्येच टाळ्या, मध्येच रडणारं एखादं मूल, मध्येच ‘माइक नीट धर बे!’ मिलिंदनं लग्नाआधी मला ‘आई गाण्याच्या पार्टीत होती’ एवढंच सांगितलं होतं. तुमचा एकूण दरारा पाहून मी समजले की मुख्य गायिका तुम्हीच. विचारायची गरजसुद्धा मला वाटली नाही.

आवाज मात्र तुम्हाला मोठाच लागायचा. खालच्या मजल्यावरचे मेहेंदळे काका पहिल्याच आठवड्यात वर आले. पायपुसण्यावर उभं राहून म्हणाले, ‘कार्यक्रम छान चाललाय. आम्ही तिकीट काढलेलं नाही, तरी ऐकू येतोय.’ तुम्ही आतून ओरडलात, ‘या नं बसा, चहा ठेवते!’ टोमणा असा वाया गेलेला काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल. ते बिचारे चहा पिऊन गेले.

आणि मग टेपरेकॉर्डरनं मान टाकली. आधी टेपा गिळायला लागला. तुम्ही पेन्सिलीनं गुंडाळून गुंडाळून त्या बाहेर काढायचात. मग त्याचा पट्टा तुटला. तसा पट्टा आता येत नाही, असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणालात, ‘मी जाते आता. तिथी पार्टी नाही उरली, पन भिंती तरी वळखीच्या हायेत. इथी मले काहीच ऐकू येत नाही.’

मिलिंद माझ्याकडे बघायला लागला. तो असाच बघतो, बोलायचं मी असतं. तुम्ही जाऊ नये असं मला फार वाटत होतं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. फक्त एवढं ठाऊक होतं की तुम्ही आल्यापासून मी घरी परत येताना रस्त्यातच चिडलेली नसायचे. मी म्हणाले, ‘आई, आठ दिवस द्या मला. तुमच्या सगळ्या कॅसेटी एका काडेपेटीएवढ्या यंत्रात भरून देते.’

तुम्ही म्हणालात, ‘काडेपेटीत? बापा! अन् मंग पेटवाचं काय?’

ऑफिसात तेव्हा सगळ्यांच्या कानांत वायरी आलेल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र आणि कानात वायर असल्याशिवाय माणूस आयटीतला वाटायचा नाही. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायचं. (‘ते तं तू घरी फुकट करते,’ असं तुम्ही म्हणाला होतात.) त्यामुळे प्लेअर निवडायचा म्हटल्यावर मी रीतसर तक्ता केला. जागा किती, बॅटरी किती, पडदा केवढा, रेडिओ आहे का. त्याचा छापील कागद मी मोठ्या अभिमानानं तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो वाचलात, छान आहे म्हणालात आणि त्यावर गरम पातेलं ठेवलंत.

तपकीर गल्लीतलं ते दुकान मला अजून दिसतं. काचेच्या टेबलामागे बसलेल्या गृहस्थांनी वरसुद्धा न बघता विचारलं, ‘बघायचंय की घ्यायचंय?’

‘पाह्यल्याबिगर घेतात काय तुमच्या पुन्यात?’ तुम्ही विचारलंत.

त्यांनी वर पाहिलं. ‘बघा की. सगळे बघा मावशी. घेताना एकच घ्यायचा असतो, एवढं लक्षात असू द्या.’

माझी पसंती ठरलेली होती. तो पांढरा. गुळगुळीत, देखणा, मधोमध बोटानं फिरवायचं गोल चाक. तुम्ही बोट फिरवलंत आणि आवाज एकदम असा चढला की तुम्ही कानातली वायर उपटूनच काढलीत. ‘हे जात्यासारखं फिरवत बसू काय मी?’ मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक प्लेअरवर तुम्ही एकच गोष्ट करून पाहत होतात. गाणं थोडं ऐकायचं, मागे जायचं बटण दाबायचं आणि तोंड वाकडं करायचं. ‘पाय, गेलं पह्यल्यापासून.’

‘आई, गाणं मागे न्यायचं बटण आहे ते. तसंच होणार.’

‘अवं, मले गानं नाही मांगं न्यायचं. ओळ मांगं न्यायची हाय.’

‘मग बटण दाबून धरायचं.’

‘दाबून धरलं की कुठल्या कुठी जाते ते!’

कॅसेट एवढीशी मागे घेता यायची, बोटाच्या अंदाजानं. ते या नव्या यंत्रांत नव्हतं. पण एकच ओळ कशाला मागे न्यायची, हे माझ्या डोक्यात शिरेना. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. आपण दोघी वाद घालत बसलो, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी त्या गृहस्थांनी खालच्या खणातून एक निळं, बोजड, खेळण्यासारखं दिसणारं काहीतरी काढलं.

‘हे बघा. जर्मन-बिर्मन शिकणारी पोरं नेतात. या बाजूच्या बटणावर ए-बी लिहिलंय. एकदा दाबलं की इथून, परत दाबलं की इथपर्यंत. मग तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. वाक्य पाठ करायला बरं पडतं त्यांना.’

तुम्ही चष्मा वर केलात. ‘अ पासून ब पर्यंत?’

‘तसं म्हणा.’

त्याच्यात असलेलं कुठलंतरी गाणं तुम्ही लावलंत, डोळे मिटलेत, एकदा बटण दाबलंत, परत दाबलंत. बरोबर एक ओळ पकडलीत, ना मागचा शब्द ना पुढचा. ती ओळ तुम्ही ऐकतच राहिलात, आणि त्या गृहस्थांनी वायर काढून लहान स्पीकर लावल्यामुळे ती अख्ख्या दुकानाला ऐकावी लागली. ‘मावशी, आमचं पाठ झालं,’ असं ते म्हणाले तेव्हा कुठे तुम्ही डोळे उघडलेत. मग तो प्लेअर तुम्ही कनवटीला खोचून पाहिलात, दोन पावलं चाललात, वाकलात, सरळ झालात. ‘बसला,’ म्हणालात.

मी हात जोडले. पडदा नखाएवढा. त्यात मराठी नाव टाकलं की अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. रेडिओ खरखरतो. गाणी थोडी मावतात. वर दर थोड्या दिवसांनी नवा सेल. तुमच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं. ‘सेल कुठीबी भेटते. तुया त्या पांढऱ्याले घरी आणून चार्जिंग लावा लागते, लेकराले दूध पाजल्यासारखं.’ मी पुढे स्वतःसाठी पांढराच घेतला हे तुम्हाला माहीत आहे. तो आता कपाटात निपचित पडला आहे, हेही तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही दर दिवाळीला फराळ करताना त्याची चौकशी करायचात. पण जोवर चालला तोवर त्याचा आवाज तुमच्या डबड्यापेक्षा कितीतरी सुंदर होता. हे मी इथं लिहून टाकते, कारण आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. बोललात तर मला आवडेल.

कॅसेटी संगणकात उतरवायला चालू स्थितीतला टेप हवा होता. तो निघाला मेहेंदळे काकांकडे. बैठकीच्या खोलीत मखमली कापडाखाली झाकलेला, त्यांच्या जिवापलीकडचा डेक. मी भीत भीत मागायला गेले. काकांनी कारण विचारलं. मी सांगितलं, सगळी गाणी प्लेअरमध्ये जाणार, आई कानाला वायर लावून ऐकणार, बाहेर आवाज नाही. त्यांनी स्वतः डेक उचलून वर आणून दिला. ‘या कार्यासाठी काहीही मदत लागली तरी निःसंकोच सांगा,’ म्हणाले. एवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

मग तो रविवार आला. सकाळची वेळ, मी कांदा चिरत होते, मिलिंद पेपर वाचत होता. तुम्ही खिडकीपाशी खुर्चीवर बसलात, कनवटीला निळा प्लेअर, कानात वायरी. घर शांत झालं. मिलिंद हळूच म्हणाला, ‘किती बरं वाटतंय ना?’

आणि तुम्ही खड्या आवाजात गायलात, ‘पाटी घे गं हाती बाई, पाटी घे हाती!’

मिलिंदचा चहा पेपरवर. तुम्ही पुन्हा गप्प. डोळे मिटलेले, मांडीवर बोटानं ठेका चालू. बराच वेळ काही नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. आणि पुन्हा, ‘पाटी घे गं हाती बाई, पाटी घे हाती!’ कानात वायरी असल्यामुळे आपण केवढ्यानं गातोय याचा तुम्हाला पत्ता नव्हता. टेपरेकॉर्डर परवडला असं म्हणायची वेळ आली. तो निदान गाणं तरी पूर्ण ऐकवायचा.

मेहेंदळे काका आठवडाभर थांबले. मग बेल वाजली. ‘सुनबाई, एक विचारू? तुमच्या सासूबाई ज्या बाईंना पाटी घ्यायला सांगताहेत, त्या बाईंनी अजून घेतली नाही का? नसेल तर मी आणून देतो. आणि पुढची ओळ आठवली की कळवा. आम्ही सगळे वाट बघतोय.’

मी दार लावून आत आले. तुमच्या कानातली एक वायर काढली आणि निरोप दिला. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. तुम्ही हसलात.

‘त्याहीले सांग, पुढची ओळ माही नाही.’

‘म्हणजे?’

‘अवं, मी कोरसात होते नं.’

मी खाली बसले. एवढ्या महिन्यांत मला हे कळलंच नव्हतं. मग तुम्ही सगळं सांगितलंत. पुढे मोठ्या बाई, माइकवर. मागे चौघी जणी, एका माइकवर चौघी. तुम्ही, शकूमावशी आणि आणखी दोघी. मोठ्या बाई कडवं गाणार, आणि ते संपताच तुम्ही चौघींनी ओळ उचलायची. तेवढीच. पोस्टातून सुटायचं, घरी स्वयंपाक उरकायचा, बस पकडून कुठल्या कुठे जायचं आणि तेवढीच एक ओळ गायची.

मी विचारलं, ‘पण आता तर घरात तुम्ही एकट्या गाताय. अख्खं गाणं म्हणा की. कोण अडवतंय?’

‘ते बाईची ओळ हाय. आपन कशी घ्याची?’

‘इथे बाई कुठे आहेत, आई?’

तुम्ही कानातल्या दुसऱ्या वायरीवर बोट ठेवलंत. ‘हे काय गाऊन रायली नं.’ आणि मग मला समजावत, लहान मुलाला सांगावं तसं, ‘गानाऱ्याले दम घ्याले जागा लागते. कडवं म्हनून म्हनून दम संपते. ते जागा आमी चौघी धरून ठेवतो. एक जरी मांगंपुढं झाली तं बाईचा दम तुटते. म्हनून ओळ घोटा लागते.’ त्या क्षणी मला ते अ-ब बटण कळलं. तुम्ही इतक्या वर्षांनी, पार्टी उरलेली नसताना, खिडकीपाशी बसून, आधी बटणावर पुन्हा पुन्हा ऐकून आणि मग अख्ख्या गाण्याबरोबर म्हणून, तुमची ओळ घोटत होतात.

मी खाली जाऊन निरोप सांगितला. काका दोन दिवसांनी वर आले ते खरीखुरी पाटी घेऊन. लाकडी चौकट, दगडी पाटी, वर पेन्सिलींचं खोकं. ‘घ्या. आता तरी विषय संपेल,’ म्हणाले. तुम्ही इतक्या हसलात की खुर्चीचा हात धरावा लागला. काकाही हसले, निदान त्यांच्या मिशीत तसं काहीतरी झालं. विषय अर्थातच संपला नाही. पाटी दाराशेजारी खिळ्याला लागली आणि रोज दुपारी तुमचं गाणं पूर्ववत सुरू झालं.

ती पाटी पुढे माझी झाली. मला बढती मिळाली त्या वर्षीचं आठवतं? संध्याकाळी परदेशातल्या लोकांशी फोन, दिवसा इथली माणसं, आणि प्रत्येकाला सगळं कालच हवं. मी घरी यायचे तेव्हा तुम्ही बहुधा झोपलेल्या असायचात आणि पाटीवर लिहिलेलं असायचं. ‘भाजी झाकून ठेवली हाय.’ ‘फोन बंद कर. जेव.’ ‘मेहेंदळेनं लोणचं दिलं. बरं हाय पन तिखट नाही.’ एक दिवस मी ठरवून आले की नोकरी सोडायची. तुम्ही पोळ्या लाटत होतात. मी सगळं सांगितलं, रडलेसुद्धा. तुम्ही लाटणं थांबवलं नाहीत. म्हणालात, ‘सोडू नको. थकली तं दम घे. तवर मी धरते नं.’

तुम्ही धरलंत. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांत. स्वयंपाक, गॅसवाला, मिलिंदचं आजारपण, माझ्या आईशी फोनवर बोलणं, सगळं. मी टिकले ते तुमच्यामुळे. आज माझ्या हाताखाली पंचवीस-तीस माणसं काम करतात आणि सगळे मला हुशार समजतात. आई, हे मी तुम्हाला एकदाही तोंडानं सांगितलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. आपण प्लेअरवरून भांडायचो.

दिवाळीनंतरच्या तिकिटाचं काय करायचं, असं मिलिंदनं त्या पहिल्या वर्षीच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘रद्द कर सध्या. सेल संपले की जाईन.’ सेल कोण आणत होतं? मी. मग काय, आपल्या घरात गहू संपला, साखर संपली, एकदा तर गॅस संपला, पण सेल कधी संपले नाहीत. माझ्या ऑफिसच्या पिशवीत ते कायम असायचे. तुम्ही पाटीवर लिहायचात, मी त्याच दिवशी आणायचे. दर वेळी तुम्ही पुडी हातात घेऊन मिलिंदला म्हणायचात, ‘पाय, तुई बायको मले जाऊच देत नाही.’

या वेळचे तेवढे मी उद्यावर टाकले. तो जुना सेल मी परवा प्लेअरमधून काढला आणि फेकवेना, म्हणून टीव्हीच्या रिमोटमध्ये घालून पाहिला. आई, चालतोय. अजूनही चालतोय. म्हणजे सेल संपलेले नव्हते. सेल संपले म्हणून गेलात असं तुम्हाला म्हणता येणार नाही. जायचं होतं म्हणून गेलात, सरळ.

आणि एक उत्तर न देता गेलात. मी कितीदा विचारलं, ‘या चौघींत तुमचा आवाज कोणता?’ एक वायर तुमच्या कानात, एक माझ्या. ‘पाटी घे गं हाती बाई’ चालू. मी म्हणायचे, ‘हा जाड आवाज तुमचा.’ तुम्ही मान हलवायचात. ‘मग हा बारीक?’ तुम्ही हसायचात. ‘शोध. तपासाचीच नोकरी हाय नं तुई?’ मी तुमच्यावर पुष्कळ चिडले त्यावरून. तरुणपणीचा तुमचा आवाज त्या एका ओळीत कुठेतरी आहे, आणि तुम्ही तो हातात देऊन लपवून ठेवलात. सेल घातल्यावर मी पहिलं तेच केलं. अ दाबलं, ब दाबलं आणि ती ओळ ऐकत बसले. सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदन. हॉलमध्ये सतरंज्या, तुमचा फोटो, वंदना झाली, तुमच्याबद्दल लोक बोलले. शकूमावशी नागपूरहून आल्या होत्या. त्या चौघींतल्या आता त्या एकट्याच. जेवणाच्या आधी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, निळा प्लेअर काढला, एक वायर त्यांना दिली, एक मी घेतली. म्हणाले, ‘मावशी, आता तुम्हीच सांगा. यातला आईंचा आवाज कोणता?’

त्यांनी डोळे मिटले. ओळ आली. ‘हा! हा तिचा.’ परत ओळ आली. ‘नाही, नाही. हा माहा दिसते.’ तिसऱ्यांदा त्या एकदम हसायला लागल्या, पदरानं डोळे पुसत पुसत. ‘अवं पोरी, मलेच नाही समजत. मोठ्या बाई म्हनत, कोन कोन गाऊन रायली ते समजलं म्हनजे कोरस बिघडला. आमचा नाही बिघडला कधी!’

म्हणजे तुम्ही लपवून ठेवत नव्हतात. तुम्हालाही माहीत नव्हतं! सगळी वर्षं मला ‘शोध’ म्हणत होतात आणि स्वतःही ओळखू शकत नव्हतात. मी तुमच्या फोटोकडे पाहून मोठ्यानं हसले. मिलिंद धावत आला, त्याला वाटलं मला काहीतरी झालं.

मग मावशींनी गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. मोठ्या बाईंनी कडवं उचललं, आमच्या दोघींच्याच कानांत. ते संपलं आणि मावशी गायल्या, खड्या आवाजात, ‘पाटी घे गं हाती बाई, पाटी घे हाती!’ माणसं वळून बघायला लागली. दुसऱ्या कडव्यानंतर मीही गायले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत गायले, आणि मावशींनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. मला वाटतं, मागेपुढे झालं नाही.

तिसऱ्या कडव्याला मात्र मावशींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांच्याकडे पाहून मीही रुमाल शोधायला लागले. मोठ्या बाई गात होत्या, कडवं संपत होतं, त्यांचा दम संपत आला होता, आणि आमच्या दोघींच्याही तोंडातून आवाज फुटेना. बाकी हॉल शांत. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळे काय चुकतंय हेही कुणाला कळत नव्हतं.

कडवं संपलं. आणि अगदी त्याच क्षणाला दाराजवळच्या खुर्चीवरून आवाज आला, ‘पाटी घे गं हाती बाई, पाटी घे हाती!’

मेहेंदळे काका. त्यांच्या कानात काही नव्हतं. ताठ बसलेले, हात मांडीवर, चेहरा बँकेत रांगेत उभं असल्यासारखा. सूर पार भलतीकडे, पण जागा अचूक. इतकी वर्षं रोज दुपारी आपल्या जमिनीखाली बसून त्यांनी तुमची ओळ ऐकली होती, आणि ओळीच्या मधला थांबा किती ते त्यांना पाठ झालं होतं. मावशींनी कानातली वायर तशीच ठेवून त्यांना दोन्ही हात जोडले.

सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला. मिलिंद रडत होता, हसतही होता. काकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

‘बघताय काय माझ्याकडे?’ ते म्हणाले. ‘पुढची ओळ माझी नाही.’